राणीच्या वाट्याचा पिरॅमिड

नमस्कार. थेट विषयाला हात घालू या.

गिझाच्या महापिरॅमिडच्या पूर्वेला तीन छोटे पिरॅमिड एका ओळीत उभे आहेत. खुफूच्या घराण्यातल्या राण्यांचे. बहुतेक प्रवासी खुफूच्या पिरॅमिडचा फोटो काढून स्फिंक्सकडे वळतात, वाटेत हे तीन दिसतात आणि मागे पडतात. तिकडे जाण्याचा योग आला तर त्यांच्यासाठी अर्धा तास राखून ठेवा. राजाच्या पिरॅमिडवरून राजसत्ता किती मोठी होती ते कळतं. त्या सत्तेची वाटणी कशी झाली, कुणाला कधी काय मिळालं, हे मात्र राण्यांच्या पिरॅमिडवरूनच कळतं. आजचं सगळं बोलणं या वाटणीबद्दल आहे.

आधी मापं पाहू. खुफूच्या पिरॅमिडच्या पायाची बाजू २३०.३ मीटर, मूळ उंची १४६.६ मीटर. दक्षिण टोकाचा राणीचा पिरॅमिड, जो हेनुतसेनचा मानला जातो, त्याची बाजू सुमारे ४६ मीटर आणि उंची साधारण ३० मीटर, म्हणजे दहा मजली इमारतीएवढी. इजिप्तचा शाही हात म्हणजे सुमारे ५२.४ सेंटीमीटर. त्या मापात राजाची बाजू ४४० हात आणि राणीची जवळजवळ ८८ हात, बरोबर एक पंचमांश. उतार दोन्हींचा सारखाच, ५२ अंशांच्या आसपास. बाजू पाचपट आणि उतार सारखा, म्हणून दगड लागतो पाच गुणिले पाच गुणिले पाच, सुमारे सव्वाशेपट. राजाला सुमारे २६ लाख घनमीटर, राणीला सुमारे २१ हजार. हे सव्वाशेला एक प्रमाण लक्षात ठेवा, पुढे ते बदलत जाणार आहे.

उतार मोजायची त्यांची पद्धतही सांगतो, कारण पुढे लागेल. ते अंश वापरत नसत. एक हात वर चढलं की भिंत किती आत सरकते, एवढंच ते मोजत. या मापाला सेकेद म्हणतात. एका हातात सात तळवे आणि एका तळव्यात चार बोटं. खुफूच्या पिरॅमिडचा सेकेद साडेपाच तळवे, म्हणजे पाच तळवे दोन बोटं. आकडा जितका लहान, तितकी भिंत उभी. गवंड्याला लाकडाचा एक त्रिकोणी साचा दिला की प्रत्येक दगडाचं तोंड त्याला तपासता येतं.

उत्तर टोकाचा पिरॅमिड खुफूची आई हेतेफेरेस हिचा मानतात आणि मधला मेरितितेसचा. हेतेफेरेसची कथा सरळ नाही. १९२५ मध्ये जॉर्ज राइझनर यांच्या हार्वर्ड-बोस्टन मोहिमेला या परिसरात २७ मीटरहून खोल विहीर सापडली. वर कुठलंही बांधकाम नाही. तळाच्या खोलीत सोन्याने मढवलेला पलंग, त्याच्यावरच्या छत्रीचा सांगाडा, खुर्च्या, पालखी, चांदीची कंकणं. लाकूड कुजून गेलं होतं, सोन्याचे पत्रे तेवढे जागच्या जागी पडून होते. त्यांची नेमकी जागा टिपून घेतली म्हणून ते फर्निचर पुन्हा उभं करता आलं. पांढऱ्या अलाबास्टरच्या शवपेटीचं झाकण बंद होतं. १९२७ मध्ये ते उचललं, तर पेटी रिकामी. पण भिंतीतल्या कोनाड्यात मृतदेहातून काढलेले अवयव ठेवायची पेटी होती आणि तिच्यात नेट्रॉन क्षाराचं पाणी शिल्लक होतं.

आई नाही आणि आईचं सामान आहे, हे कसं? राइझनर यांचं म्हणणं होतं की मूळ थडगं दुसरीकडे होतं, ते लुटलं गेलं आणि उरलेलं सामान मुलाने गिझाला आणलं. मार्क लेनर यांनी १९८५ मध्ये वेगळा विचार मांडला आणि तो मला जास्त पटतो, कारण तो कातळातल्या खुणांवर उभा आहे. आजच्या उत्तरेकडच्या पिरॅमिडच्या पूर्वेला सुमारे २८ मीटरवर दुसऱ्या एका पिरॅमिडचं भुयार खोदायला घेऊन मध्येच सोडलेलं दिसतं. म्हणजे आईचा पिरॅमिड आधी तिथे येणार होता. आराखडा बदलला, पिरॅमिड पश्चिमेला सरकला, आणि विहिरीतली तात्पुरती दफनखोली सामानासकट तशीच बुजवली गेली.

आता आत शिरू. उत्तरेकडून एक अरुंद उतार कातळात जातो. मग तो काटकोनात पश्चिमेला वळतो आणि त्या वळणावर एक मोठी जागा कोरलेली आहे. ती सजावटीसाठी नव्हे. शवपेटी म्हणजे एकसंध लांबट दगड. अरुंद बोळात तो काटकोनात फिरवता येत नाही, म्हणून कोपऱ्यात खोली काढावी लागते. पुढे दफनकक्ष. तो कातळात थोडा मोठाच कोरायचा आणि मग आतून चांगल्या चुनखडीचे दगड लावून भिंती सरळ करायच्या, कारण गिझाच्या कातळात भेगा फार. वर पिरॅमिडचा गाभा स्थानिक चुनखडीचा, पायऱ्यापायऱ्यांनी रचलेला, आणि बाहेरचं आवरण नाईलच्या पलीकडच्या तुराच्या पांढऱ्या चुनखडीचं. आवरणाचे दगड खालून वर रचत न्यायचे, पण त्यांचं तोंड शेवटी वरून खाली तासत आणायचं.

राणीला काय मिळत नसे तेही बघा. राजाच्या पिरॅमिडला पूर्वेला मोठं मंदिर, तिथून दरीपर्यंत उतरणारा बंदिस्त रस्ता आणि खाली दरीतलं मंदिर. राणीला पूर्वेच्या भिंतीला टेकलेलं छोटं प्रार्थनास्थळ आणि त्यात नैवेद्यासाठी दगडात कोरलेलं खोटं दार. राणीचा मृतात्मा त्या दारातून येऊन अन्न घेतो, अशी समजूत. स्वतःचा रस्ता नाही, दरीतलं मंदिर नाही. हेनुतसेनचं प्रार्थनास्थळ मात्र भाग्यवान ठरलं. हजार-दीड हजार वर्षांनी, एकविसाव्या घराण्याच्या काळात, ते ‘पिरॅमिडांची स्वामिनी’ इसिस देवीचं मंदिर म्हणून वाढवलं गेलं.

गिझाच्याच मेन्काउरे राजाच्या पिरॅमिडशेजारी राण्यांचे तीन छोटे पिरॅमिड आहेत, त्यांच्यावर फार थांबत नाही. त्यांतले दोन पायऱ्यांच्याच अवस्थेत राहिले. मधल्यात ग्रॅनाइटची शवपेटी आणि तरुण स्त्रीची हाडं १८३७ मध्ये मिळाली. राजा आधी गेला आणि उरलेलं काम मातीच्या विटांत उरकलं गेलं. राणीच्या बांधकामाचा सगळ्यात मोठा धोका हाच. ते राजाच्या हयातीवर अवलंबून असतं. राजा गेला की मजूर नव्या राजाच्या पिरॅमिडकडे जातात.

याचं उत्तम उदाहरण गिझाच्या दक्षिणेच्या अबुसीरला आहे, आणि मी जरा रेंगाळणार आहे ते तिथेच. खुफूच्या पुढच्या, म्हणजे पाचव्या घराण्यातला राजा नेफेरिरकारे, त्याची राणी दुसरी खेंतकाउस. तिच्या पिरॅमिडची बाजू २५ मीटर, उंची सुमारे १७ मीटर. आज जेमतेम चार मीटरांचा ढिगारा उरलाय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुडविग बोर्खार्ड यांना तर हा पिरॅमिड वाटलाच नव्हता, दुहेरी मस्तबा वाटला होता. मस्तबा म्हणजे चौकोनी ओट्यासारखं सपाट माथ्याचं थडगं. १९७० च्या दशकाच्या शेवटी मिरोस्लाव व्हर्नर यांच्या चेक पथकाने तो उकरला आणि दगडांवर गवंड्यांनी रंगाने लिहिलेल्या खुणा सापडल्या. एका खुणेत ‘राजाची पत्नी खेंतकाउस’ असं आहे, आणि ‘माता’ हा शब्द नंतर वर घातलेला आहे. बांधकामाची सगळी हकीकत या एका दुरुस्तीत आहे. नवऱ्याच्या काळात काम सुरू झालं, तो वारला, काम थांबलं. पुढे मुलगा न्युसेर्रे गादीवर आला, बाई राजमाता झाली आणि काम पुन्हा उभं राहिलं.

बांधकामाचा दर्जाही हेच सांगतो. गाभा तीन पायऱ्यांचा, बारीक चुनखडीचे तुकडे चिकणमातीत बसवलेला. मोठ्या पिरॅमिडचा उरलेला माल इथे वापरला. दफनकक्षावर कमान किंवा तिरक्या शिळा नाहीत, आडव्या सपाट तुळयाच टाकल्या आहेत. वाटेत गुलाबी ग्रॅनाइटची एकच आडवी शिळा, जी वरून खाली सोडून वाट बंद करायची. राजाच्या वाटेत अशा तीन असत. मंदिराचे खांब चुनखडीचे आणि त्यांना लाल रंग दिलेला, लांबून ग्रॅनाइट वाटावा म्हणून. मंदिराचा नंतरचा वाढीव भाग मातीच्या विटांचा.

एवढी काटकसर असूनही दोन गोष्टी अशा मिळाल्या, ज्या आधीच्या राण्यांना सहसा मिळत नसत. एक, पिरॅमिडच्या बाजूला तिचा स्वतःचा छोटा उपपिरॅमिड. राजाच्या आत्म्यासाठी असा उपपिरॅमिड बांधत, राणीसाठी ही नवी गोष्ट होती. दुसरी, खांबावर तिचं जे चित्र आहे त्यात कपाळावर फणा काढलेला नाग आहे. ते राजाचं चिन्ह. शिवाय तिच्या मंदिरात पपायरसवरच्या हिशेबांचे तुकडे मिळाले. मूर्ती किती, वस्तू कोणत्या, कशाची डागडुजी हवी याच्या नोंदी. राणीचा पिरॅमिड बांधून संपत नाही, तिथे रोजचं काम चालतं, पुजारी लागतात, भाकरी आणि बिअर लागते, हे त्या तुकड्यांवरून कळतं. तिची पूजाअर्चा सहाव्या घराण्यापर्यंत चालू होती.

आता प्रमाण पुन्हा काढू. नेफेरिरकारेचा पिरॅमिड सुमारे १०५ मीटर बाजूचा आणि ७२ मीटर उंचीचा. दगडांचा हिशेब केला तर राजा आणि राणी यांचं प्रमाण येतं साधारण पंचाहत्तरला एक. गिझाला ते सव्वाशेला एक होतं. खेंतकाउसचा पिरॅमिड हेनुतसेनच्या पिरॅमिडपेक्षा लहान आहे, पण तिचा वाटा मोठा आहे. नुसती उंची बघणारा माणूस फसतो तो इथेच.

त्याच घराण्याच्या शेवटी, साक्कारा नावाच्या दफनभूमीच्या दक्षिण भागात, जेदकारे राजाच्या पिरॅमिडशेजारी एक मोठा राणी-पिरॅमिड आहे. १९५० च्या दशकात अहमद फाखरी यांनी तो उकरला, पण राणी कोण ते कळलं नव्हतं. २०१९ मध्ये मोहम्मद मेगाहेद यांच्या पथकाला लाल ग्रॅनाइटच्या खांबावर नाव मिळालं, सेतिबहोर. बाजू सुमारे ४१ मीटर. राजाची बाजू ७८.७५ मीटर. म्हणजे राणीची बाजू राजाच्या निम्म्याहून थोडी जास्त! मंदिरात ग्रॅनाइटचे खांब खरेखुरे आहेत, रंगवलेले नाहीत. या राणीला एवढं का मिळालं याची चर्चा अजून चालू आहे. पण खांबाचा दगड आणि पायाची बाजू, या दोन गोष्टींवरून तिचं वजन दिसतं, त्यासाठी शिलालेखाची गरज नाही.

सहाव्या घराण्यात हा विषय खरा रंगतो. राजा तेती, त्याच्या दोन राण्या, खुइत आणि इपुत. दोघींची थडगी उत्तर साक्काऱ्याला शेजारी शेजारी. खुइतचं थडगं सुरुवातीपासून पिरॅमिड म्हणूनच बांधलेलं. इपुतचं मात्र आधी मस्तबा होतं. मग इपुतचा मुलगा पहिला पेपी राजा झाला आणि त्याने आईच्या मस्तब्यावर पिरॅमिड चढवला. हे कसं ओळखायचं? वाटेवरून. पिरॅमिडला उत्तरेकडून उतरती वाट हवी. इपुतच्या दफनकक्षाला सरळ खाली जाणारी विहीर आहे, मस्तब्याला असते तशी, आणि त्या विहिरीवर पिरॅमिड बसलेला आहे. बाहेरचं रूप बदलता येतं, जमिनीखाली कोरलेलं बदलत नाही. थडग्याचा इतिहास वाचायचा असेल तर नेहमी खालून वर वाचावा. व्हिक्तोर लोरे यांना १८९० च्या दशकाच्या शेवटी या विहिरीखाली चुनखडीची शवपेटी, तिच्यात देवदाराची पेटी आणि राणीचा सांगाडा मिळाला.

इपुतच्या पिरॅमिडची बाजू २१ मीटर आणि उंचीही २१ मीटर. सेकेद काढा, साडेतीन तळवे येतो. अंशांत ६३ च्या पुढे. गिझापेक्षा कितीतरी उभा. त्या काळातल्या राजांचे पिरॅमिड ५३ अंशांच्या आसपास, राण्यांचे ६० ते ६५. माझ्या मते कारण व्यवहाराचं आहे. राजाच्या आवाराभोवती जागा मोजकी, पाया वाढवता येत नाही, तर उंची वाढवायची. लहान पिरॅमिड उभ्या उताराचा भार पेलतो, १०० मीटर पायाचा पेलणार नाही. दोष एकच. आतला गाभा बारीक दगड आणि माती-चुनखडीच्या भरावाचा, त्याला उभं धरून ठेवतं ते बाहेरचं आवरण. पुढच्या काळात लोकांनी आवरणाचा चांगला दगड चुन्याच्या भट्ट्यांसाठी आणि नव्या बांधकामांसाठी काढून नेला. आवरण गेलं की गाभा ओघळतो. गिझाचे राणी-पिरॅमिड चार हजार वर्षांहून जास्त काळ आकार राखून उभे आहेत आणि त्यांच्यापेक्षा दोनशे-तीनशे वर्षांनी तरुण असलेले साक्काऱ्याचे वाळूत टेकाड होऊन गेले, त्यामागचं कारण हे आहे.

टेकाडं झाली म्हणूनच ती एवढ्या उशिरा सापडली. पहिल्या पेपीच्या पिरॅमिडच्या दक्षिणेला फ्रेंच पथकाने ज्यां लक्लां आणि ओद्रां लाब्रूस यांच्या मार्गदर्शनाखाली १९८८ पासून एकामागून एक राणी-पिरॅमिड उघडे केले. नुबवेनेत, इनेनेक-इंती, मेहा, आणि २०१० मध्ये जाहीर झालेला बेहेनूचा. इनेनेक-इंतीच्या मंदिराच्या दाराशी दोन छोटे ओबेलिस्क, म्हणजे टोकदार माथ्याचे दगडी स्तंभ, होते.

या सगळ्यांत वरचढ दुसरी अंखेसेनपेपी. अबायडोसच्या खुई आणि नेबेत या दांपत्याच्या दोन मुली पहिल्या पेपीला दिल्या, आणि दोघींचं राणी म्हणून नावही एकच. एकीचा मुलगा मेरेनरे राजा झाला. दुसरीचा मुलगा दुसरा पेपी, लहानपणी गादीवर बसलेला. आई कारभार बघत होती. ब्रुकलिन संग्रहालयात अलाबास्टरची ३९ सेंटीमीटर उंचीची एक मूर्ती आहे. आईच्या मांडीवर आडवा बसलेला राजा, शरीर लहान पण डोक्यावर राजाचं वस्त्र. ही ती आई.

तिच्या पिरॅमिडची बाजू सुमारे ३१ मीटर, म्हणजे ६० हात. शेजारच्या राण्यांना साधारण ४० हात होते. पण खरी गोष्ट आत आहे. उनास राजापासून, इ.स.पू. २३५० च्या सुमारापासून, राजाच्या दफनकक्षाच्या भिंतींवर मृत्यूनंतरच्या प्रवासाचे मंत्र कोरायची पद्धत पडली. राजा ताऱ्यांत कसा जातो, सापांपासून कसा वाचतो, काय खातो. हे फक्त राजाचं होतं. ते मिळालेली पहिली ज्ञात राणी ही. एवढा मोठा हक्क मिळाला तो कोरीव अक्षरांत, उंचीत नाही. व्यवहारात अडचण अशी की राजाच्या पिरॅमिडात दोन खोल्या मंत्रांसाठी असतात, राणीला एकच. तेव्हा मंत्र निवडावे लागतात, भिंतीवर दाटीने बसवावे लागतात. या भिंती नंतर दगडचोरांनी फोडल्या, त्यामुळे अभ्यासकांना तुकडे जुळवत मंत्र पुन्हा लावावे लागतात. २०१७ मध्ये फिलिप कोलोंबेर यांच्या फ्रेंच-स्विस पथकाला तिथेच गुलाबी ग्रॅनाइटच्या ओबेलिस्कचा अडीच मीटरांचा वरचा भाग मिळाला. पूर्ण असताना तो सुमारे पाच मीटरांचा असावा. पाठोपाठ १.३ मीटर उंचीचा ग्रॅनाइटचा कळसाचा दगडही हाती लागला, ज्याचा माथा तांब्याच्या किंवा सोन्याच्या पत्र्याने मढवण्यासाठी घडवलेला होता.

दुसऱ्या पेपीच्या स्वतःच्या तीन राण्यांचे पिरॅमिड गुस्ताव्ह जेकिए यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत उकरले: नेइथ, दुसरी इपुत, वेजेबतेन. तिघींनाही मंत्र आहेत. नेइथचा पिरॅमिड २४ मीटर बाजूचा, २१.५ मीटर उंच. शेजारी तिचा उपपिरॅमिड आणि १६ लाकडी नौकांच्या प्रतिकृती पुरलेल्या. राजाचा पिरॅमिड ७८.७५ मीटर बाजूचा, ५२.५ मीटर उंच. हिशेब करा: राजाला सुमारे १ लाख ८ हजार घनमीटर, नेइथला सुमारे ४ हजार १००. सव्वीसला एक. सव्वाशे, पंचाहत्तर, सव्वीस. सेतिबहोरसारखे अपवाद सोडले तर दोन-तीन शतकांत वाटा असा वाढत गेला.

पण वाटा वाढला तो आकसत चाललेल्या दौलतीतला, हेही विसरू नये. त्याच आवारात अंखेसेनपेपी नावाच्याच आणखी एका राणीच्या शवपेटीवरचं झाकण बघा. बेसॉल्टची ती शिळा मुळात सहाव्या घराण्यातल्या राजांचा वर्षावार वृत्तांत कोरलेली होती. अक्षरं घासून काढली आणि शिळा झाकण म्हणून वापरली. जेकिए यांना ती मिळाली. पुसलेलं लेखन तिथे आहे हे मिशेल बो आणि वासिल डोब्रेव्ह यांनी १९९० च्या दशकात ओळखलं. राजांच्या बखरीची शिळा राणीच्या थडग्याला वापरावी लागते, तेव्हा कोठारात काय उरलंय ते उघड आहे.

मध्य राज्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, काही शतकांनंतरच्या काळातलं एकच उदाहरण घेतो. दहशूरला तिसऱ्या सेनुस्रेतच्या भोवतीचे पिरॅमिड राजाच्यासारखेच मातीच्या विटांचे, वर चुनखडीचं आवरण. तिथे दुसऱ्या वेरेत राणीचा पिरॅमिड दक्षिणेला आहे, पण तिचा दफनकक्ष त्याच्याखाली नाहीच. विहिरीतून उतरून भुयाराने राजाच्या पिरॅमिडच्या नैऋत्य कोपऱ्याखाली जावं लागतं. चोर तरीही कक्षापर्यंत पोचले, मात्र विहिरीच्या तळाशी कोनाड्यात लपवलेले दागिने त्यांना दिसले नाहीत. १९९४ मध्ये डिटर आर्नल्ड यांच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या पथकाने ते बाहेर काढले.

आणि अगदी शेवटी, इ.स.पू. सोळाव्या शतकात, अबायडोसला आहमोस राजाने आजी तेतिशेरीसाठी विटांचा पिरॅमिड बांधला. तिचं दफन तिथे नाही, ते थेब्जला. अबायडोसला मिळालेला शिलालेख आज कैरोच्या संग्रहालयात आहे. त्यात राजा आणि त्याची पत्नी बसून बोलताहेत. आजीचं थडगं थेब्जला आहे, स्मारक अबायडोसला आहे, तरी तिच्यासाठी पिरॅमिड आणि मंदिर बांधावं असं राजाच्या मनात आहे. मग तो कामांची यादी सांगतो: तळं खोदायचं, झाडं लावायची, नैवेद्याच्या भाकरी ठरवून द्यायच्या, माणसं नेमायची, शेतं तोडून द्यायची, गुरं द्यायची, आणि प्रत्येक पुजाऱ्याला त्याचं काम नेमून द्यायचं.